अर्ध्या हळकुंडानं

शौकत सकाळी मेणाचे ठोकळे बर्फावर मांडतो
आणि तीन मायक्रॉनची चकती कापतो.
पाण्यावर ती तरंगते.
तिच्यापुढे सायसुद्धा जाड.

आज त्यात बाळगोंडा मगदूम आहेत.
वय अठ्ठ्याहत्तर. मानेतली गाठ, डावीकडची.
पाच महिने टीबीच्या गोळ्या झाल्या,
लघवी केशरी झाली, गाठ होती तिथंच,
उलट शेजारीण घेऊन आली.

ठोकळा व्हायच्या आधी ते स्वतः आले होते,
मिरजेच्या या जिन्याच्या एकोणीस पायऱ्या चढून.
सांगलीच्या यार्डात पन्नास वर्षं हळदीची पारख केलेली,
नखांच्या कडा अजून पिवळ्या.
म्हणाले, राजापुरी का सेलम,
वरनं सगळी सारखीच दिसत्यात ओ बाई.
मोडायची. टक्क वाजली पायजे. आतला रंग बगायचा.
तरी शंका ऱ्हायली तर चुना लावायचा.
मग स्वतःच हसले:
त्या अर्थानं न्हवं.

मोडलं आहे तुम्हाला, मगदूम. बघते आहे.
मोठमोठ्या पेशी, विस्कटलेल्या,
मध्ये मेलेल्या मांसाचे गुलाबी पट्टे,
आणि एका कोपऱ्यात दोन केंद्रकांची एक,
घुबडासारखी माझ्याचकडे बघणारी.
ती दिसली की हात आपोआप लिहायला जातो: हॉजकिन.
पस्तिशीत मी लिहून मोकळी झाले असते.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचे दिवस होते ते.

रंग चढवले.
सीडी वीस: तपकिरी, सगळीकडे, न लाजता.
सीडी तीस: कुठं कुठं.
सीडी पंधरा: कोरा.
म्हणजे हॉजकिन नव्हे, बहुधा.
(बहुधा हा शब्द रिपोर्टात शोभत नाही.
मी तो घरी नेते.)
मोठ्या बी पेशींचा लिम्फोमा, इथवर ठीक.
पण कुठला?
साधा, या वयात कुणालाही गाठणारा,
की तो दुसरा, ज्याच्या पोटात विषाणू बसलाय?
दिसायला सख्खे भाऊ.
एकाच्या मांडवात दुसऱ्याला बसवलं
तर वऱ्हाडालाही कळणार नाही.

शेवटच्या परीक्षेचं साहित्य आमच्याकडे नाही.
ठोकळा कापसात गुंडाळून पुण्याला पाठवला.
नऊ दिवस.
मुलगा रोज फोन करी:
मॅडम, कॅन्सर तर आहेच ना,
मग नुसत्या नावासाठी का थांबायचं?
मी म्हटलं, वडलांना विचारा.
दुसऱ्या दिवशी फोन आला नाही.

दहाव्या दिवशी काच आली.
केंद्रकं निळी-काळी.
एखाददुसरं नाही, शेतच्या शेत.
चुना लागला आणि हळद बोलली.

तो कागद घ्यायला ते पुन्हा आले, या वेळी बारीक होऊन.
मोडल्यावर काय निगालं, बाई?
मी सांगितलं: एक विषाणू.
तुम्हा-आम्हा जवळजवळ सगळ्यांच्या अंगात असतो.
लहानपणी लाळेतून येतो,
दोन दिवस ताप, कुणाच्या लक्षातही राहत नाही,
मग मुकाट पडून असतो
पहारेकरी म्हातारे होईपर्यंत.

लाळेतनं, ते म्हणाले.
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला जे सांगायचं नव्हतं
ते खिडकीकडे बघत त्यांनीच काढलं:
आमची आई भाकरी चावून द्यायची मला.
दात उशिरा आलं माजं.
म्हणजे बेणं तिकडचं.

मी म्हटलं, तसंच असेल असं नाही, कुणाकडूनही.
असू द्या की, म्हणाले.
जणू मी त्यांच्या हातातून काही काढून घेत होते.

रिपोर्टाची घडी घातली, आतल्या खिशात.
उतरताना पहिल्या चार पायऱ्या कठडा धरला नाही.
पाचवीला धरला.